तीनशे सतरा नंबरची नळी

सुई आमची आणि यंत्र तुमचं, असा करार होता. अणुभट्टी फुटून गावावर ती करडी धूळ पडली, त्याला आठ दिवस झाल्यावर तीन देशांतले अकरा डॉक्टर पेट्या घेऊन उतरले. त्यांना आत घ्यावं की वेशीवरूनच परत पाठवावं, यावर वरची माणसं दोन दिवस भांडली आणि शेवटी भांडणाऱ्यांचं ठरतं तसं अर्धवट ठरलं. रक्त काढायचं ते आमच्या इस्पितळात, आमच्या माणसाने. तपासायचं ते मैदानापलीकडे, शाळेच्या व्यायामशाळेत, त्यांच्या यंत्रावर. पाहुण्यांनी इस्पितळात पाऊल टाकायचं नाही आणि आमच्यापैकी कुणी त्यांच्या यंत्राला बोट लावायचं नाही. रुसलेल्या दोन जावांनी एका स्वयंपाकघरात दोन चुली मांडाव्यात, तसा तो संसार सुरू झाला.

यातली ‘आमची सुई’ म्हणजे इस्पितळातली रक्त काढणारी बाई. बावीस वर्षं ती तळमजल्यावरच्या एकाच खोलीत, एकाच टेबलामागे बसत आली होती. गावातला क्वचितच एखादा दंड असेल, ज्याला तिने पट्टा बांधला नाही. मुलं तिला सुईताई म्हणत, मग मोठी माणसंही म्हणू लागली. गोड बोलणं तिला जमत नसे. रडणाऱ्या पोराला ती म्हणायची, “रड हवं तेवढं, पण हात हलवू नकोस,” आणि पोरं चक्क ऐकायची. नळीवर नंबर चिकटल्याशिवाय सुई उघडायची नाही हा तिचा नियम होता, आणि त्या नियमाचा तिला थोडा तोराही होता. बावीस वर्षांत आपल्या हातून एक नळी चुकलेली नाही, हे ती कुणी न विचारताही सांगायची.

त्या दिवसांत गावाची अवस्था एक ना धड, भाराभर चिंध्या अशी झाली होती. रेडिओ सांगे, खिडक्या बंद ठेवा. नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून ओरडत जाई, घरात हवा खेळती ठेवा. पाहुण्यांच्या पत्रकावर गाईच्या चित्रावर लाल फुली होती. आरोग्य खात्याच्या पत्रकावर एक गुबगुबीत पोर दुधाचा पेला धरून हसत होतं. ही दोन्ही पत्रकं एकाच दिवशी, एकाच माणसाने घरोघर वाटली. आयोडीनची गोळी जेवणाआधी की नंतर, यावरून नवराबायकोंत अबोला झाला. त्यात भर म्हणून वरून पाठवलेला एक दुभाष्या होता. पाहुण्यांची प्रमुख, जिला सगळे उंच डॉक्टरीण म्हणत, ती पाच पाच मिनिटं हातवारे करून बोलायची आणि हा म्हणायचा, “काळजी घ्या, असं म्हणतायत.” लोक विचारायचे, “एवढंच?” तो म्हणायचा, “सारांश.”

मग सुतावरून स्वर्ग गाठणारे काय कमी असतात! कुणी म्हणे, पाहुणे आपल्या रक्ताची औषधं करून विकणार. कुणी म्हणे, त्यांना आपण बरे व्हायला नकोच आहोत, त्यांना नुसतं मोजायचंय. आणि दुसऱ्या बाजूला, आपल्या खात्यावर तरी कुणाचा विश्वास होता? स्फोटाच्या दिवशी दुपारपर्यंत ‘किरकोळ आग’ म्हणून सांगणारी तीच माणसं.

सुईताई लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. धाकटी बहीण आणि तिची नऊ वर्षांची मुलगी यांच्याबरोबर ती राहायची. धाकटी टपाल कार्यालयात पत्रं निवडायची. तिचा नवरा दूरच्या बंदरात कामाला होता आणि महिन्यातून एकदा फोनवर भेटायचा. मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ती तिथे पोचायची.

मुंगीच्या शाळेची पाळी आली, त्याच्या आदल्या संध्याकाळी भांडी घासता घासता धाकटीने विषय काढला.

“ताई, उद्या मुंगीचं रक्त त्यांच्याकडे नको जायला.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्यांच्या नळीत दुसऱ्या कुणाचं भर. तुझ्या हातात आहे. एकदा त्यांच्या यादीत पोरगी गेली की जन्माचा शिक्का बसला. पुढे शाळा, नोकरी, लग्न. जिथे जाईल तिथे म्हणतील, ही त्या धुळीतली.”

“मी असले धंदे करत नाही,” सुईताई म्हणाली. “रक्त ज्याचं त्याच्या नावाने जातं. तुझी मुलगी म्हणून नियम वाकणार नाहीत.”

“तुला काय, तुला पोर नाही,” असं धाकटीच्या तोंडून निघून गेलं, आणि मग दोघीही भांड्यांवरच राग काढत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गर्दी एवढी होती की आयाबापांना बाहेरच थांबवलं होतं. मुंगी एकटी आत आली. तिचा नंबर तीनशे सतरा. खात्यालाही स्वतःची तपासणी हवी होती, म्हणून प्रत्येकाचं दोनदा घ्यायचं होतं: काचेची बाटली आपल्या प्रयोगशाळेसाठी, जांभळ्या बुचाची नळी पाहुण्यांसाठी. सुईताईने बाटली भरली. मुंगी रडली, पण हात हलवला नाही. बाटली भरली आणि शीर रुसली. आता जांभळ्या नळीसाठी दुसऱ्या हाताला टोचायला हवं होतं. सुईताईने तो दुसरा हात हातात घेतला. काडीसारखा हात. आणि आदल्या संध्याकाळचं ते ‘तुला पोर नाही’ तिच्या डोक्यात असं काही घुमायला लागलं, की तिने हात सोडून दिला.

“जा. कापूस दाबून धर आणि आईकडे जा.”

दार बंद झाल्यावर तिने पट्टा स्वतःच्या डाव्या दंडाला दातांनी आवळला. शिकाऊ असताना आम्ही सगळ्या स्वतःवरच हात बसवायचो, असं ती नव्या मुलींना सांगायची. तो हात अजून विसरलेला नव्हता. तीनशे सतरा नंबरच्या जांभळ्या नळीत सुईताईचं रक्त गेलं आणि नळी पेटीत जाऊन बसली. धाकटीला तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बावीस वर्षांचा तोरा भांड्यांपाशीच उतरला असता. शिवाय तिला वाटलं, आपण निरोगी बाई, अणुभट्टीपासून चार कोस लांब. कागदावर पोरगी ठणठणीत दिसेल, कुणाचं काय बिघडणार?

तीन दिवसांनी चिठ्ठ्या आल्या.

आपल्या प्रयोगशाळेची चिठ्ठी म्हणजे निळा शिक्का: ‘सर्वसाधारण’. सगळ्या गावाला तोच शिक्का. ज्याची बाटली वाटेत फुटली होती, तोही सर्वसाधारण निघाला. पाहुण्यांची चिठ्ठी मात्र छापील होती, आकड्यांची, आणि तीनशे सतराच्या चिठ्ठीला लाल कागद जोडलेला होता. दुभाष्या स्वतः घरी आला. या वेळी त्याला सारांश करता येईना. त्याने जे सांगितलं ते असं, की रक्तात पांढऱ्या पेशींची एक जात असते, किरणांचा मार तिला सगळ्यात आधी बसतो. ती मुलांत दीड हजाराच्या वर हवी. मुलीच्या रक्तात चारशे वीस आहे. परवा सकाळी विमान जातंय, त्यात गंभीर रुग्णांना बाहेरच्या मोठ्या इस्पितळात नेणार आहेत. मुलीला एक जागा ठेवली आहे.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. ती मुंगीला पोटाशी धरून खुर्चीत बसली आणि दोन्ही चिठ्ठ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग निळ्या शिक्क्याची चिठ्ठी तिने टराटरा फाडली.

“शिक्केवाल्यांचं कोण ऐकणार? ज्यांना चोर म्हटलं त्यांनीच खरं सांगितलं. मी मुंगीला पाठवणार, ताई. परवाच पाठवणार.”

आणि सुईताई? खरं सांगायचं तर तिला आधी आनंदच झाला. जीव भांड्यात पडला. हे रक्त मुंगीचं नाहीच! मुंगीला काही झालेलं नाही! ती हे बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात तिच्या मनात दुसरा प्रश्न आला, अगदी साधा, आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मुंगीचं नाही, तर मग चारशे वीस कुणाचं?

तिने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. नळी उन्हात राहिली असेल. यंत्र बिघडलं असेल. पाहुणे मुद्दाम आकडे फुगवत असतील, लोक म्हणतात ते काही अगदीच खोटं नसेल. की आपल्या प्रयोगशाळेचं म्हणणं खरं, आणि सगळं सर्वसाधारणच आहे? आठवडाभर हिरड्यांतून रक्त येतंय ते ब्रश कडक आहे म्हणून. दंडावर निळं पडलंय ते पट्टा घट्ट बसला म्हणून. पहिल्या दिवसांत उलट्या झाल्या, पण तेव्हा भीतीने अर्धं गाव ओकत होतं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि एकही कारण तिला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली, तशी ती आत शिरली. बोटाला टोचून थेंब काढला, काचपट्टीवर पसरला, रंग दिला आणि जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हे काम तिने हजारदा केलं होतं. पेशी मोजायला बसली आणि मोजायला पेशीच सापडेनात. तिने दुसरी पट्टी केली. तिसरी केली. यंत्र खोटं बोलेल, शिक्का खोटं बोलेल, पण आता डोळा तिचा स्वतःचा होता. अणुभट्टीच्या दिशेने ती एकदाही गेली नव्हती. घर, खोली, घर, एवढंच तिचं जग. मग हे कुठून आलं? तिला काही म्हणजे काही कळेना. खिडकीबाहेर माणसं नेहमीसारखी रांगेत उभी होती, आणि तिला वाटलं, यातल्या कुणाला तरी विचारावं की मी आजारी दिसते का हो?

संध्याकाळी तिने धाकटीला सगळं सांगितलं. मुंगी बाहेर ओट्यावर खेळत होती.

धाकटीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “खोटं.”

“अगं, खोटं कशाला बोलू?”

“असले धंदे मी करत नाही, असं कोण म्हणालं होतं? मी हातापाया पडले तेव्हा नियम, आणि आता म्हणतेस केलं? पोरीला जागा मिळाली तेव्हाच बरं आठवलं?”

“तिला जागेची गरज नाही, म्हणून सांगतेय.”

“आणि तुला आहे.” धाकटी थांबली. आपण काय बोलतोय ते तिला कळत होतं, तरी ती बोलली. “तुला जायचंय, ताई. तुला माहितीये धुळीने माणसांचं काय होतंय, त्या खोलीत रोज बघतेस तू. घाबरलीस. म्हणून पोरीची जागा मागतेस.”

सुईताईने आयुष्यात बहिणीवर हात उगारला नव्हता. त्या संध्याकाळी उगारला, आणि तो अर्ध्यावर तसाच राहिला, कारण तिला एकदम वाटलं, ही म्हणते ते खरं तर नाही ना? काल तो आनंद झाला होता, तो नक्की कशाचा होता? हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तिने तर अख्खा दंड दाखवला होता. जी बाई एकदा नळी बदलते, तिचं दुसऱ्यांदा कोणी का ऐकावं?

“उद्या सकाळी चल माझ्याबरोबर,” एवढंच ती म्हणाली. “उंच डॉक्टरणीसमोर सांगते. मग ती काय म्हणेल ते.”

सकाळी तिघी व्यायामशाळेत गेल्या. आत दोरांच्या आणि गाद्यांच्या जागी आता खोकी, तारा आणि गुणगुणणारी यंत्रं होती. उंच डॉक्टरीण रात्रपाळीच्या चेहऱ्याने कॉफी पीत होती. सुईताईने सरळ सांगून टाकलं. तीनशे सतरा नंबरचं रक्त माझं आहे, मी फसवणूक केली.

दुभाष्याने एक छोटं वाक्य सांगितलं. डॉक्टरीण हसली आणि सुईताईच्या खांद्यावर थोपटलं.

“काय सांगितलंत तुम्ही?” सुईताईने विचारलं.

“मावशीला भाचीची फार काळजी वाटते, असं.”

“अहो, मी काय बोलले ते सांगा! शब्दन् शब्द!”

“बाई, जरा विचार करा,” दुभाष्या हळू आवाजात म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. “एक नळी खोटी म्हटली की ते सगळ्याच खोट्या धरतील. करार मोडेल. विमान जाईल निघून. नऊ माणसं आहेत यादीत.”

हे काही खोटं नव्हतं. तरी सुईताईने बाही वर केली. डावा दंड, सुईची खूण, भोवतीचं निळं वर्तुळ, जे पाच दिवसांत मावळायचं सोडून पसरलं होतं. तिने यादीतल्या तीनशे सतरा आकड्यावर बोट ठेवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीला लावलं. उंच डॉक्टरणीचं हसू गेलं. ती दुभाष्याशी जे बोलली ते कुठल्याही भाषेत कळलं असतं. त्यानंतर त्याने शब्दन् शब्द सांगितला.

डॉक्टरीण रागावली नाही. तिने स्टूल ओढलं आणि विचारायला लागली. कुठे राहता? काय खाल्लं? त्या दिवशी बाहेर होतात? सुईताईच्या प्रत्येक उत्तराला तिच्या भुवया जवळ येत होत्या, कारण त्या उत्तरांतून चारशे वीस निघत नव्हते. दिवसभर कुठे असता? खोलीत. खोलीत काय काय आहे?

“टेबल, खुर्ची, औषधांचं कपाट, छोटा फ्रिज. आणि कपड्यांची गाठोडी.”

“कसली गाठोडी?”

सुईताईला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. इस्पितळाची जुनी रीत होती. रुग्णाच्या अंगावरचे कपडे उतरवले की गाठोडं बांधायचं, चिठ्ठी लावायची आणि नातेवाईक येऊन सही करेपर्यंत सांभाळायचं. हरवलं तर पगारातून कापतात. स्फोटाच्या दिवशी अणुभट्टीचे सहा कामगार आणले, त्यांचे कपडे असेच बांधले. कामगारांना त्याच संध्याकाळी राजधानीला हलवलं, नातेवाईक कुणी आले नाहीत, कोठीला कुलूप होतं. इस्पितळाचे मोठे डॉक्टर म्हणाले, तुझ्या टेबलाखाली असू दे, तू काही हरवणारी नाहीस. सोळा दिवस ती गाठोडी तिच्या पायांशी होती. पाय अवघडले की ती त्यांच्यावर टेकवायची.

दुभाष्या सांगता सांगता मध्येच थांबला. त्यालाही कळलं होतं.

तेवढ्यात मुंगी म्हणाली, “मी पण बसायचे त्याच्यावर. शाळा बंद झाली तेव्हा. मऊ होतं.”

खरंच की! पहिल्या आठवड्यात धाकटीला पोरगी टपाल कार्यालयात न्यायची परवानगी मिळेपर्यंत दोन दुपारी, का तीन, मुंगी टेबलाखाली चित्रं काढत बसली होती. काल संध्याकाळी ती छातीठोकपणे सांगत होती की मुंगीला काही झालेलं नाही. कशावरून? मुंगीचं रक्त बघितलंच होतं कुणी? आपल्या बाटलीवर न बघता शिक्का मारला, आणि त्यांच्या नळीत ते गेलंच नाही. या सगळ्या गोंधळात एकाच माणसाबद्दल कुणाला काहीच माहीत नव्हतं, आणि ते सुईताईच्या हुशारीने.

धाकटीने मुंगीचा फ्रॉक मागून झटकायला सुरुवात केली, जणू त्यावर अजून काही चिकटलं होतं.

उंच डॉक्टरीण किरण मोजायचं यंत्र घेऊन तरातरा मैदान ओलांडायला लागली, तिच्या मागे सगळे. इस्पितळाच्या दारात मोठे डॉक्टर उभे. “करारात नाही,” ते म्हणाले. ती काहीतरी बोलली. ते पुन्हा म्हणाले, “करारात नाही.” शेवटी तिने यंत्र त्यांच्याच हातात दिलं आणि दाराकडे बोट केलं. मोठे डॉक्टर सुईताईकडे बघत आत गेले. बाहेर उभ्या असलेल्यांना आधी यंत्राची टिकटिक ऐकू आली, मग ती एवढी दाट झाली की तिचा एकच आवाज झाला. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता.

“मीच ठेवायला सांगितली होती,” ते म्हणाले. “तू हरवणार नाहीस म्हणून.”

इमारत रिकामी करायला घेतली. आता रक्त काढायचं कुठे? इस्पितळात जाता येत नव्हतं, आणि व्यायामशाळेत काढायचं नाही असं करारात. शेवटी मैदानाच्या मधोमध एक बाक ठेवला. पाहुण्यांची एक नर्स पुढे झाली, पण धाकटी आडवी आली.

“त्यांनी नाही. ताईच काढेल. पण माझ्या डोळ्यांसमोर.”

सुईताईने पट्टा बांधला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचे हात थरथरत होते. मुंगी म्हणाली, “मावशी, हात हलवू नकोस,” आणि जवळ उभ्या असलेल्या दोघातिघांना हसू आलं. शीर सापडली. नळी भरली. ती पेटीत ठेवायला सुईताई वळली, तर धाकटीने नळी काढून घेतली आणि मुठीत धरली. पेटी नको, नंबर नको, मधला माणूस नको. मग सुईताईने स्वतःचं रक्त काढलं आणि आपली नळी आपल्या हातात घेतली. मैदानातून सगळे पुन्हा उलटे निघाले: पुढे मूठ आवळलेली धाकटी, मागे मुंगीला धरून सुईताई, मग दोन्ही बाजूंचे डॉक्टर, जे अजून एकमेकांशी बोलत नव्हते. धाकटीने नळी यंत्रात जाईपर्यंत मूठ उघडली नाही.

यंत्राला सहा मिनिटं लागली. कागद आला तेव्हा उंच डॉक्टरणीने तो कुणाच्याही हातात न देता टेबलावर ठेवला. सगळ्यांना दिसेल असा.

मुंगीचा आकडा सतराशे दहा. डॉक्टरीण म्हणाली आणि दुभाष्याने सगळंच्या सगळं सांगितलं, की काठावर आहे, पण काठाच्या अलीकडे आहे. महिनाभर दर आठवड्याला बघावं लागेल. आज तरी विमानाची गरज नाही. धाकटी मोठ्याने रडली. मग डोळे पुसून तिने खालची ओळ वाचली.

तीनशे दहा. पाच दिवसांपूर्वी चारशे वीस होते.

काल आपण हिला काय काय बोललो ते तिला आठवलं असावं, पण माफी मागायची तिला कधी सवयच नव्हती.

“ताई, तू जायचंस,” ती म्हणाली. “आजच्या विमानाने.”

आणि आता सुईताईची पाचावर धारण बसली. कालपर्यंत जगाची रक्तं काढणारी बाई, पण स्वतःवर आलं तेव्हा लोकांच्या तोंडच्या सगळ्या कंड्या तिला आठवल्या. ते नुसतं मोजतात. ते औषधं करून विकतात. “मला इथेच राहू दे,” ती म्हणाली. “तिकडे नेऊन काय करतील कुणाला ठाऊक? की इथले काय करतील तेच बरं? मला काही समजत नाही गं.”

“मलाही समजत नाही. खरं कोण, ते मला अजून कळलेलं नाही. पण इथे राहिलीस तर शिक्का मारतील तुझ्यावर, निळा.”

“मग तू चल माझ्याबरोबर.”

“मुंगीला कुणाजवळ ठेवू?”

“माझ्या घरी ठेवा,” मोठे डॉक्टर पुढे होऊन म्हणाले. “माझी बायको आहे, मुलं आहेत.” ते मनापासून बोलत होते, हे कुणालाही दिसलं असतं. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने मुंगीला जवळ ओढलं आणि मान हलवली, नाही.

“बरं,” सुईताई म्हणाली. “एकटी जाते.”

बाहेर गाडी उभी होती. दुभाष्याला विमानात जागा नव्हती, ती सगळी रुग्णांना दिली होती. धाकटीने बहिणीच्या सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली, वारा सुटलेला नसताना.

“रोज फोन कर. आणि काही टोचायला आले की आधी विचारायचं, हे काय आहे, कशाला आहे. विचारल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. कळलं?”

“कोणत्या भाषेत विचारू?” सुईताई म्हणाली, आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिला त्या गाडीच्या दारात फुटलं.